अकरा मिनिटांचं पहिलं रीळ

लातूर जिल्हा झाला त्याला वर्ष होत आलं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे. रस्त्यावरची धूळ तेवढी जुनी. जिल्ह्याचं गाव म्हटल्यावर आपल्याकडे काय काय असायला हवं हे शिकलेल्या मंडळींनी ठरवायला घेतलं होतं, आणि त्यात एक चित्रपट मंडळही निघालं. मी तेव्हा लातुरात एका टॉकीजवर ऑपरेटर होतो. मंडळाचे एक प्राध्यापक दुपारी माझ्या केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "सोनकांबळे, रहस्याच्या पिक्चरमध्ये पहिल्याच सीनला माणूस खुर्चीला कसा खिळतो, यावर आमच्याकडे बोला. तुम्ही ते सीन शेकडो वेळा बघितलेत."

मी म्हणालो, "सर, शिकवायचं काम तुमचं. मी भोकातून बघणारा माणूस."

पण गेलो. दोन-चार गोष्टी सांगितल्या. पहिल्या सीनला बोलणं कमी ठेवतात, कारण पडद्यावर बोलणं सुरू झालं की बघणारा सैल होतो. घड्याळ, नळ, चपला, असा घरातलाच एखादा आवाज मोठा करून ऐकवतात. आणि मुख्य म्हणजे बघणाऱ्याला एक गोष्ट आधी दाखवून ठेवतात, जी पडद्यावरच्या माणसाला ठाऊक नसते. तिथून पुढे तो माणूस नुसता पाणी प्याला तरी आपला घसा सुकतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी कुणी वहीत लिहूनही घेतलं.

हे मला कुठे कळलं ते मात्र मी सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी एका फिरत्या तंबू टॉकीजवर होतो. जळकोटच्या बाहेर, उदगीरच्या रस्त्याला लागून, हणमंतरावांचं रान होतं. पाऊस नाही म्हणून पेरा नाही, पेरा नाही म्हणून रान मोकळं, आणि रान मोकळं म्हणून आमचा तंबू तिथे. एरवी एका गावाला पंधरा दिवस टिकणारा तंबू तिथे तीन महिने राहिला. पाझर तलावाच्या कामावरची माणसं दिवसभर दगड वाहायची आणि संध्याकाळी सातच्या खेळाला येऊन बसायची. घरी जाऊन तरी काय करणार, रिकामी घागर बघणार?

तंबूत एक रिवाज पडला होता. हणमंतराव, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, ते कधीही आले तरी पिक्चर थांबवायचा, रीळ उलटं गुंडाळायचं आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचा. जमीन त्यांची, तेव्हा गोष्टही त्यांच्यासमोरच सुरू व्हायला हवी. तंबूचा मालक शेषेराव याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं. पण मी मशीनकडे बघून बोटं मोडायचो आणि रीळ गुंडाळायचो.

मशीन आमच्याकडे एकच होतं. त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं रीळ चढवायचं, मग पुढचा पिक्चर. एक रीळ अकरा मिनिटांचं. दिवे लावणारा मी आणि घालवणारा मी. ज्या घरांच्या उंबऱ्याला माझ्या बापाची सावली चालली नाही, त्या घरांतली माणसं माझ्या हातानं अंधार झाला की चिडीचूप बसायची. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

माझा बाप व्यंकटी. गावकीत मौतीचा सांगावा आमच्या घराकडे होता. कुणी मेलं की त्यानं काठी उचलायची आणि पाहुण्यारावळ्यांच्या गावी चालत जायचं, उन्हात, पाच-पाच कोस. दारापासून लांब उभं राहून ओरडून सांगायचं. आत रडारड सुरू व्हायची आणि हा तसाच उभा. कुणाला आठवण झाली तर वरून भाकरी पडायची. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा त्यानं ती काठी चुलीत घातली. मला समोर बसवलं. मी दहा वर्षांचा. म्हणाला, "भीमा, मौतीचा सांगावा आता कुणाचाबी न्यायचा न्हाई. ज्यांचं मानूस मेलं त्यांनी सांगावं." मी शब्द दिला.

त्या दिवशी रहस्याचा पिक्चर नवीन आला होता. त्याचं पहिलं रीळ मला अजून पाठ आहे. मोठं घर. जिन्याखाली अंधारात एक माणूस उभा आहे, त्याचे ओले बूट आपल्याला दिसतात. मग एक बाई येते. तिला जिना दिसत नाही, पाठ तिकडे आहे. ती टेबल पुसते, दोन ताटं मांडते, पाण्याचे पेले भरते. बोलणं एक अक्षर नाही, नुसता ताटांचा आवाज. अकरा मिनिटं हेच. रीळ संपता संपता ती थांबते, स्वयंपाकघरात जाते आणि तिसरं ताट घेऊन येते. बास, रीळ संपलं.

सातला मी रीळ सुरू केलं. अप्पा गावात नव्हते. थोरल्या मुलासाठी, वीरभद्रसाठी, मुलगी बघायला सकाळीच उदगीरला गेले होते आणि मुक्काम करून उद्या येणार होते. म्हणून शेषेराव म्हणाला होता, आज निवांत लाव. सात-आठ मिनिटं झाली असतील. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. ती पुरुषांकडे सरकली. मी भोकातून पाहिलं तर माणसं पडद्याकडे बघत नव्हती, एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

शेषेराव धापा टाकत केबिनमध्ये चढला. "भीमा, घात झाला. अप्पाच्या हिरीवर सुरुंग फुसका गेला म्हणून वीरभद्र खाली बगाया उतरला, अन् तवाच उडला. धुरपताबाई तितं दगड उपसायला व्हती, ती सांगत आली."

"गेला?"

"न्हाई. जित्ता हाय, पण लई लागलंय. तलावावरची जीप आणायला मानूस पळालाय. उदगीरच्या दवाखान्यात नेनार."

उदगीरचा रस्ता आमच्या तंबूला चिकटून. म्हणजे जीप इथूनच जाणार होती.

तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली. तंबूचा पडदा बाजूला झाला आणि हणमंतराव आत आले. एक दिवस आधी. डोक्यावरचा पटका मागे सरकलेला, चेहरा नुसता फुललेला, हातात पेढ्यांचा पुडा. तिथूनच ओरडले, "थांबव रे भीम्या! पैल्यापासून लाव!"

मी दिवे लावले. अख्ख्या तंबूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि अख्ख्या तंबूनं मान खाली घातली.

ते आपल्या खुर्चीवर बसले. "पोरगी पसंत केली वीरभद्रासाठी," म्हणाले. "घ्या, तोंड गोड करा." आणि पेढे वाटायला लागले. माणसं पेढे घेत होती. नको कसं म्हणणार? नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं. दोनशे माणसांमध्ये जेवढे पुरले तेवढ्यांनी हातात पेढा धरला आणि तसेच बसले. पुड्यातला एक माझ्याकडेही आला. "भीम्यालाबी द्या रे, त्याचंबी तोंड गोड व्हऊ द्या."

शेषेराव माझ्या कानाशी लागला. "तू सांग."

"मी का? तू मालक, तू सांग."

"आपल्याच्यानं व्हनार न्हाई बाबा. त्यांचा राग तुला ठाव हाय, अन् असं कायी आपल्या तोंडून..." मग तो बोलला ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "पहिल्यापास्नं तुमच्याकडंच असतंय ना हे काम."

माझं टाळकंच सरकलं. मी खाली पाहिलं. पुढच्या रांगेतल्या चार-पाच माणसांच्या माना केबिनकडे वळल्या होत्या. तीही तीच वाट बघत होती. वरच्या जातीची माणसं, त्यांचा मालक, त्यांचा मुलगा, दोनशे तोंडं, आणि सांगायचं कुणी, तर व्यंकटीच्या पोरानं. काठी जळाली तरी त्यांच्या डोळ्यांत ती माझ्या हातातच होती.

"आमी सांगावा सोडलाय," मी म्हणालो. "तुमचा मानूस, तुमी सांगा."

"बरं, मग रीळ संपू दे. दिवे लागले की मी सांगतो, कसंबी. जीपला अजून तासभर तरी हाय, तलाव काय जवळ हाय का?"

हे मला पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं. रीळ उलटं गुंडाळायला तीन मिनिटं लागतात. मी हातानं चक्र फिरवत होतो आणि खाली अप्पा कुणाला तरी मुलीचं शिक्षण किती, रंग कसा ते सांगत होते. त्या तीन मिनिटांत कुणीही उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवू शकलं असतं. धुरपताबाई बायकांत बसली होती, तिच्या लुगड्याला विहिरीची माती होती. तिनं पदर तोंडात धरला होता. मी चक्र जास्त जोरात फिरवलं.

दिवा घालवला. रीळ सुरू झालं. जिन्याखालचे ओले बूट दिसले.

मी तो सीन थोड्या वेळापूर्वीच पाहिला होता, पण तंबू इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. कुणी खोकत नव्हतं, कुणी बिडी पेटवत नव्हतं. बाई टेबल पुसत होती आणि दोनशे माणसं श्वास धरून बसली होती. पण ती बाईकडे बघत नव्हती. पडद्याच्या उजेडात अप्पांचं डोकं दिसत होतं, आणि सगळे त्या डोक्याकडे बघत होते. अप्पा मात्र पडद्याकडे. तेव्हा मला कळलं, आणि पुढे केबिनमध्ये गेलेल्या सगळ्या वर्षांत त्याहून जास्त काही कळलं नाही: भीती न माहीत असण्याची नसते. आपल्याला माहीत आहे, समोरच्याला नाही, आणि आपण बसून आहोत, ही ती भीती.

बाईनं पहिलं ताट मांडलं, दुसरं मांडलं. पेल्यात पाणी ओतलं.

जीपचा आवाज आला.

तासाचा वायदा होता, पाव तासही झाला नव्हता. जीप तलावावर नव्हतीच, म्हणे. विहिरीच्या अलीकडेच कुठेतरी भेटली. चढावर गिअर बदलल्याचा आवाज आला, मग तंबूच्या कापडावर दिव्यांचा झोत पडला आणि पडद्यावरची बाई फिकी होत होत नाहीशी झाली. ड्रायव्हर थांबणार नव्हता, त्याच्या लेखी अप्पा उदगीरला होते. एवढं कुणीतरी उठायला हवं होतं. नुसतं उठून रस्त्यावर जाऊन हात केला असता तरी झालं असतं. मी पाहिलं, प्रत्येक माणूस शेजारच्याकडे बघत होता. मीही शेषेरावाकडे पाहिलं. तो खांबाला धरून उभा होता.

आणि अप्पा ओरडले, "आवाज वाढव रे भीम्या! कायबी ऐकू यिना!"

मी आवाज वाढवला.

ताटांचा खणखणाट तंबूभर झाला. जीप गेली. झोत कापडावरून सरकला आणि बाई पडद्यावर परत आली. पुढची चार मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. ती तिसरं ताट घेऊन आली, रीळ संपलं, मी दिवे लावले. शेषेराव जागचा हलला नाही. मग मीच खाली उतरलो. बाप लांब उभा राहायचा. मी अप्पांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. विहीर, सुरुंग, वीरभद्र, जीप.

"जीप कवा?" त्यांनी विचारलं.

"आत्ता गेली."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि रस्त्यानं पळत सुटले, उदगीरच्या दिशेनं, अंधारात, अनवाणी. त्यांची पायताणं खुर्चीपाशीच राहिली. मग सगळ्या तंबूला पाय फुटले. कुणी सायकल काढली, कुणी बैलगाडी जुंपली.

वीरभद्र उदगीर यायच्या आतच गेला. जीपमध्ये त्याची आई होती, पार्वतीबाई. तिनं नंतर बायकांना सांगितलं ते गावभर झालं. तो शुद्धीवर होता. सारखं विचारत होता, अप्पा कुठं. ती म्हणाली, "यून राहिलेत बाळा, वाटंतच भेटतील." म्हणून तो मान वळवून रस्त्याकडे बघत राहिला. समोरून दिवा आला की विचारायचा, "अप्पा हायत का?" वाटेतल्या एका मोठ्या खडकापाशी एक गाडी समोरून आली, त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

केबिनमध्ये परत आलो तेव्हा माझा पेढा मशीनच्या धगीनं वितळून पत्र्याला चिकटला होता. तो मी चाकूनं खरवडून काढला. आठ दिवसांत तंबू हलला. मी आधी घरी गेलो आणि बापाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो पाठीवर हात ठेवेल, शब्द पाळलास म्हणेल. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मेल्याचा सांगावा न्यायचा न्हाई म्हनलो होतो मी. जित्त्याचा न्यायचा न्हाई, असं कवा म्हनलो?"

मी पुढे देगलूरला गेलो, नांदेडला गेलो, मग लातूरला. बाप वारला. त्याचं ते वाक्य काही वारलं नाही.

मंडळात बोलून आल्यावर महिनाभरानंतरची गोष्ट. दुपारच्या खेळाआधी मी मशीन पुसत होतो. जिन्यावर काठीचा आवाज आला. दारात हणमंतराव. पटका तोच, खालचा माणूस निम्मा उरलेला. जमिनीच्या कसल्याशा कामाला पूर्वी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता कलेक्टर कचेरी लातूरला आली होती म्हणून ते आले होते. कुणीतरी सांगितलं, भीमा इथेच असतो. मी स्टूल पुढे केलं. पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं, आणि माझा घसा सुकला.

त्यांनी मशीनवरून हात फिरवला. मग म्हणाले, "भीमा, त्या पिक्चरमधली ती बाई. तिसरं ताट आनती ती. पुढं काय झालं? आपन काय पुढचं बघितलं न्हाई."

"तिला ठाऊक असतंय," मी म्हणालो. "जिन्याखाली मानूस हाय, हे तिला पहिल्यापास्नं ठाऊक असतंय."

"अन् तुला ठाऊक व्हतं? जीप गेली तवा?"

अकरा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. त्यासाठी खोटं उत्तरही तयार ठेवलं होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. "हाव," मी म्हणालो. "ठाऊक व्हतं. आवाज तुमी वाढवायला सांगितला, पण मी वाढवला तो त्यासाठी न्हाई. ती जीप मला ऐकू येऊ नये म्हनून वाढवला. अप्पा, माझं चुकलं."

त्यांना तोंडावर अप्पा मी त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणालो. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"तुझं एकट्याचं न्हाई," ते म्हणाले. "पेढे घेतले, पर कुनी खाल्ले न्हाईत. मी काय आंधळा व्हतो का? समदे माझ्या पाठीकडं बगून राहिले व्हते, मला पाठीला कळत व्हतं. माझ्या घरात कायतरी झालंय, हे मला तुझा दिवा गेला तवाच कळलं व्हतं, भीमा. इचारलं असतं तर कुनीबी सांगितलं असतं. पर मला इचारायचंच भ्या वाटलं. अकरा मिनिटं बसू, तवर तर सगळं बरं हाय, असं वाटलं. जीप मलाबी ऐकू आली. म्हनून तर ओरडलो, आवाज वाढव."

खाली लोक येऊन बसले होते, शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. हणमंतराव उठले, काठी घेतली. दारातून वळून म्हणाले, "हे पार्वतीला कवा सांगितलं न्हाई. ती बिचारी अजून तुमा लोकांनाच बोल लावती." आणि एकेक पायरी चाचपत जिना उतरायला लागले. मी मशीन सोडून खाली गेलो आणि त्यांचा हात धरून त्यांना रस्त्यापर्यंत नेलं. त्या दिवशी खेळ पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला.